इराने फुकट करून दिलेली सोय

"म्हणजे घेऊ की नको घेऊ?"

शार्दूलने तिसऱ्यांदा विचारलं.

बुवा तुटलेल्या चपलेला खिळा ठोकत बसले होते. खिळा वाकला. त्यांनी तो उपसून काढला आणि पुन्हा ठोकायला घेतला.

"घे."

"कुठलं घेऊ?"

"समदं घे."

"सगळं कसं घेणार, बुवा? सगळं घेतलं तर साईट उघडायचीच नाही. लोक पळून जातील."

"मग काईच घेऊ नगंस."

शार्दूलने मोबाईल मांडीवर उपडा ठेवला आणि डोळे मिटून मोठा श्वास घेतला. तो पुण्याहून सकाळपासून गाडी हाकत आला होता, ते हे ऐकायला.

मठ आटपाडीकडच्या माळावर होता. मठ म्हणजे पत्र्याची शेड, एक विहीर, एक लिंबाचं झाड आणि बुवा. लोक त्यांना गुरू म्हणत. बुवांना ते आवडत नसे, पण बुवांना काय आवडतं याच्याशी लोकांना काही देणंघेणं नव्हतं. शार्दूल पाटणकर स्वतःला त्यांचा शिष्य म्हणवून घेई. बुवांनी त्याला कधी हो म्हटलं नव्हतं. नाही म्हणायचाही त्यांना कंटाळा आला होता.

"थांबा, नीट सांगतो," शार्दूल म्हणाला.

शिकलेला माणूस 'नीट सांगतो' म्हणाला की समजावं, आता तेच पुन्हा, फक्त लांबवून. तसंच झालं.

शार्दूलची 'शेजार' नावाची साईट होती. घरात कुणी अंथरुणाला खिळलंय आणि त्याचं सगळं आपल्याला करायला लागतंय, अशा माणसांसाठी. एकाने लिहायचं, आई जेवत नाही, काय करू. ज्याच्या घरी ते होऊन गेलेलं असे, तो उत्तर देई. सगळा कारभार फुकट, आणि चालवणारी माणसंही फुकटचीच. त्यांच्यातल्या ज्यांना प्रोग्रॅमिंग येई, ते घरी बसून साईटसाठी नवनव्या सोयी तयार करून पाठवत. त्यातल्या कोणत्या साईटवर चढवायच्या, हे शार्दूलने ठरवायचं. तो मालक नव्हता, पण किल्ली त्याच्या हातात होती, आणि त्यामुळे सगळ्यांच्या शिव्याही त्यालाच.

"एकाने तारे केलेत," शार्दूल म्हणाला. "चांगलं उत्तर दिलं की नावापुढे तारा लागतो."

"बरं."

"ते नाही घेतले. लोक ताऱ्यांसाठी उत्तरं द्यायला लागतील."

"ऱ्हाऊ दे मग."

"एकीने औषधाच्या वेळेला घंटी वाजेल असं केलंय."

"ते बरं हाय. घे की."

"घेतलं."

बुवांनी हातोडी खाली ठेवली.

"घेतलंस, सोडलंस, समदं तुझं तूच केलंस. मग माझं डोकं कशापायी खातोयस?"

शार्दूलने नखाने मोबाईलची कड खरवडली.

"कळतंय न्हवं तुला?"

"कळतंय."

"मग घरला जा."

तो गेला नाही. खरी अडचण अजून त्याच्या तोंडातच होती. बुवांनी दुसरी चप्पल उचलली, उलटीसुलटी करून पाहिली. ती धड होती. त्यांनी ती उगाचच ठोकली.

"इराचं एक आहे," शार्दूल अखेर म्हणाला.

"ही कोन?"

"इरावती. शेजार सुरू केली तेव्हापासूनची. अर्धं काम तीच बघते. तिने उत्तर देणारं यंत्र केलंय. कुणी प्रश्न टाकला की यंत्र सगळी जुनी उत्तरं धुंडाळतं आणि त्यातलं नेमकं तेवढं समोर ठेवतं. क्षणात. कुणाची वाट बघायला नको."

"उत्तर चुकतंय का त्येचं?"

"नाही. महिनाभर चालवून पाहिलं. चुकत नाही."

"लोकास्नी आवडलं न्हाई?"

"आवडलं. मतं घेतली तर सगळ्यात जास्त त्यालाच."

"मग घे की बाबा."

"लोक थांबत नाहीत, बुवा."

बुवांनी चप्पल ठेवली.

शार्दूल आता भराभर बोलायला लागला. पूर्वी माणूस प्रश्न टाकायचा आणि वाट बघत बसायचा. वाट बघता बघता दुसऱ्याचा प्रश्न वाचायचा. त्यातलं आपल्याला माहीत असलं तर सांगायचा. चार दिवसांनी पाहावं तर तो तिथलाच झालेला. या महिन्यात परभणीचा एक जण आला. आई रात्रभर ओरडते, मी काय करू, असं त्याने लिहिलं. यंत्राने पटापट उत्तरं दिली, सगळी बरोबर. त्याने 'मिळालं' असं एका शब्दात लिहिलं आणि गेला. पुन्हा फिरकला नाही. त्याच्यासारखेच बाकीचेही आले तसे गेले. आणि जुनी माणसं नुसती बसून. त्यांना कुणी काही विचारेनाच.

"अजून एक महिना हे असंच चाललं तर शेजारवर माणूस उरणार नाही," तो म्हणाला. "नुसतं यंत्र उरेल."

"म्हंजी घ्यायचं न्हाई. तुझं तूच सांगितलंस."

"पण नाही कसं म्हणू? ती वर्षभर खपलीय यावर. वडील शेजारच्या खोलीत पडून, त्यांचं सगळं करायचं आणि मधल्या वेळात हे. मार्चमध्ये गेले ते." शार्दूल थांबला. "तिने हे का केलं माहितीये? तिने शेजारवर पहिल्यांदा विचारलं होतं तेव्हा उत्तर यायला अख्खा दिवस लागला. आम्ही तेव्हा होतोच किती जण. तो दिवस तिने कसा काढला, तिलाच माहीत. दुसऱ्या कुणावर तशी वेळ येऊ नये म्हणून केलंय तिने."

बुवांनी वाकडा खिळा बोटांत फिरवला.

"नाही म्हटलं तर ती जाईल. ती गेली की साईट बसली. आणि साईटचं जाऊ दे... ती गेली तर मला..."

वाक्य तिथेच राहिलं. बुवांनीही ते ओढून काढलं नाही.

मग शार्दूलने मोबाईल सुलटा केला.

"निरोप लिहून ठेवलाय. संध्याकाळपर्यंत पाठवायचाय. वाचू?"

"वाच."

"'आपण दिलेल्या अमूल्य योगदानाबद्दल शेजार परिवार आपला सदैव ऋणी राहील. तथापि, सद्यःस्थितीत सर्व बाबींचा साकल्याने विचार करता...'"

"कोन वारलं?"

"कुणी नाही. हा नकार आहे, बुवा."

"इराला?"

"हो."

"रोज बोलतोस न्हवं तिच्याशी?"

"रोज."

"असाच बोलतोस?"

शार्दूलच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तरी त्याने पुढचं वाचलं, कारण ज्यासाठी तो आला होता ते शेवटीच होतं. "'हा निर्णय बुवांच्या मार्गदर्शनानुसार घेण्यात आला आहे.'" त्याने मान वर केली नाही. "ती तुम्हाला मानते. तुम्ही नको म्हणालात असं कळलं तर तिला लागणार नाही."

बुवा त्याच्याकडे बघत राहिले.

"आस्सं. म्हंजी सल्ला नगंच हुता तुला. माझं नाव न्यायला आलास."

"तसं नाही..."

"तसंच हाय."

तेवढ्यात औषधांची पिशवी घेतलेली एक बाई शेडमध्ये आली. कोपऱ्यात स्टीलचा उंच, चकचकीत कूलर होता. तिने नळाखाली पेला धरला, पाणी प्यायली आणि बाकाच्या एका टोकाला बसली. तिच्या मागोमाग फेटा बांधलेला एक माणूस आला. तोही पाणी प्यायला आणि दुसऱ्या टोकाला बसला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. माणसाने मोबाईल काढला.

कूलर शार्दूलनेच दिलेला होता, गेल्या वर्षी. दर्शनी बाजूला ठसठशीत अक्षरं होती: कै. दत्तात्रय पाटणकर यांच्या स्मरणार्थ. एवढ्या वैतागातही त्याला जरा बरं वाटलं.

"गार येतंय ना पाणी?" त्याने विचारलं.

"येतंय," बुवा म्हणाले.

बाई पुढे सरकली. "बुवा, मालक अन्नाला शिवंनात. काय करू?"

"त्यो बसलाय बघ फेटेवाला. त्येच्या बापाचं बी असंच झालतं. त्येला इचार."

बाईने तिकडे पाहिलं. फेटेवाल्याने मान मोबाईलमध्ये आणखी खाली घातली.

"वळख न्हाई," बाई म्हणाली. "तुमीच सांगा."

बुवांनी कपाळावर हात मारला.

"बगितलंस?" ते शार्दूलला म्हणाले. "रोज हेच. सकाळधरनं सांजंपतुर. बुवा हे सांगा, बुवा ते सांगा. शेजारी बसल्यालं मानूस दिसत न्हाई कुनाला. माझा जीव नकोसा झालाय."

"पूर्वी असं नव्हतं," शार्दूल म्हणाला.

"नव्हतं न्हवं?"

"नाही. मी पहिल्यांदा आलो तेव्हा..."

"तवा पानी कुनी दिलं तुला?"

"एका मेंढपाळाने."

"का?"

"तसाच नियम होता ना इथे. आधी आलेल्याने रांजणातून तांब्या भरून मागून येणाऱ्याला द्यायचा. आणि त्याचं पिऊन होईपर्यंत त्याच्यासमोर बसायचं."

"मग?"

"मी तांब्या हातात धरून बसलो. प्यायलोच नाही बराच वेळ. वडिलांचं सगळं त्याला सांगत बसलो. तोही बसला. त्याची मेंढरं पार ओढ्यापलीकडे गेली."

"अन् मी काय सांगितलं तुला?"

शार्दूलला नाइलाजाने हसू आलं. "तुम्ही झोपला होतात."

"अन् मग तू घरी जाऊन काय केलंस?"

"शेजार सुरू केली."

"हे बघून?"

"हे बघूनच."

"रांजन कुटं हाय आता?"

शार्दूलने आजूबाजूला पाहिलं. आठ-दहा वेळा तो इथे येऊन गेला होता, आणि हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

"मागं हाय," बुवा म्हणाले. "कोंबड्या बसत्यात त्यात."

फक्त कूलर घुरघुरत होता.

मग शार्दूल भडकला. चूक आपली निघाली की माणूस आधी दुसऱ्यावर भडकतो, त्याला तो तरी काय करणार.

"मग तेव्हाच का नाही बोललात? वर्ष झालं. मी दर वेळी येऊन तो पुसतोय, फिल्टर बदलतोय, आणि तुम्ही बसून बघताय. एका शब्दाने सांगायचं होतं की नको."

"भीड पडली."

"भीड? तुम्हाला?"

"मला भीड पडू नये व्हय? तुझा बाप नुकताच गेलता. तू टेम्पोतनं घेऊन आलास, वर नाव घालून. डोळं लाल. हात जोडून म्हनालास, बुवा, एवढं ठेवून घ्या. कसं न्हाई म्हनू?" बुवा स्वतःवरच चिडले होते. "वाटलं, ऱ्हाऊ दे चार दिस. मग चार म्हयनं गेलं. मग तू दर येळी फडकं घेऊन यायला लागलास. तोंडच उघडंना माझं."

शार्दूलच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. खरं सांगायचं तर तो खूश झाला. आपल्याला जे जमत नाही ते गुरूलाही जमत नाही, याच्याइतकं शिष्याला दुसरं काय हवं असतं.

"म्हणजे तुम्हालाही जमलं नाही."

"न्हाई जमलं."

"मग मी लिहून पाठवतो यात काय चुकलं? तोंडावर कुणालाच जमत नाही."

तो निरोप पाठवायला त्याने मोबाईल हातात घेतला.

बुवा उठले. एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी, तसेच ते कोपऱ्यात गेले. वाकले. कूलरची वायर हाताने चाचपली आणि बटण बंद करून प्लग उपसून काढला.

घुरघुर थांबली. इतक्या दिवसांत तो आवाज कानात इतका मुरला होता की तो थांबल्यावर फेटेवाल्यानेही मान वर केली.

"घेऊन जा," बुवा म्हणाले.

"काय?"

"ह्यो कूलर. मठाला नगं. तुझा तू घेऊन जा."

शार्दूलला पहिल्यांदा ही थट्टा वाटली. मग बुवांचं तोंड पाहून तसं वाटेना.

"बुवा, त्याच्यावर वडिलांचं नाव आहे."

"वाचतोय की. रोज वाचतोय."

"लोकांसमोर?"

"लोकांम्होरंच दिला हुतास."

शार्दूल उठून उभा राहिला. कान तापले होते. बाई आणि फेटेवाला बघत होते, आणि त्यांनी बघू नये असं त्याला फार वाटत होतं.

"गार पाणी काय वाईट आहे?" तो म्हणाला. आवाज चढला होता. "उन्हातान्हातून माणसं येतात. गार पाणी मिळालं तर काय बिघडलं?"

"काय बी न्हाई. पानी ग्वाडच हाय."

"मग?"

बुवांनी प्लग या हातातून त्या हातात घेतला.

"तुम्हाला माहितीये मी कूलरच का आणला? पंखा नाही, घड्याळ नाही, कूलरच?"

"न्हाई."

"शेवटी शेवटी ते पाणी मागायचे. गार पाणी. एक घोट दे म्हणायचे. डॉक्टरांनी मोजून द्यायला सांगितलं होतं, अंगावर सूज होती. मी दिलं नाही. ओला बोळा ओठांवरून फिरवायचो नुसता. ते माझ्याकडे असे बघायचे..." त्याने कूलरवरच्या नावाकडे पाहिलं. "आणि मग गेले. म्हणून आणला. इथे येणाऱ्या कुणालाही हवं तेवढं गार पाणी मिळावं म्हणून."

बुवांच्या हातात प्लग होता.

त्यांना हे माहीत नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसलं. म्हातारं माणूस एकदम आणखी म्हातारं झालं. त्यांनी प्लगकडे पाहिलं, भिंतीवरच्या बोर्डाकडे पाहिलं. मनात आणलं असतं तर हात लांब केला की काम झालं असतं. बाई 'असू दे की वो' असं पुटपुटलीसुद्धा.

बुवांनी वायर गुंडाळली. सावकाश, नीट, गाठ न पडू देता. गुंडाळी कूलरच्या डोक्यावर ठेवली.

मग ते परत आले आणि शार्दूलच्या शेजारी जमिनीवर बसले. रोजच्या जागेवर नव्हे. अगदी खेटून, त्याच्या पायाला गुडघा लागेल असे. शार्दूल उभाच होता. थोड्या वेळाने तोही खाली बसला.

बाई आणि फेटेवाला उठून बाहेर लिंबाखाली गेले. असल्या वेळी माणसं उठून जातात.

"जातो मी," शार्दूल म्हणाला.

तो हलला नाही. बुवाही हलले नाहीत. माफ कर म्हणाले नाहीत, तुझ्या भल्यासाठी म्हणाले नाहीत, तुझे लई उपकार असंही नाही. शार्दूलला त्यांचा राग आला होता, चांगला सणसणीत राग, आणि ते इतके जवळ बसले होते की धड रागावताही येईना.

त्याने डोळे पुसले. पुन्हा भरले, पुन्हा पुसले.

मोबाईल जमिनीवर पडला होता. 'सद्यःस्थितीत सर्व बाबींचा साकल्याने' एवढं अजून दिसत होतं. मग काच काळी झाली.

"इराला... हे असं सांगू?" त्याने विचारलं. "तिचेही वडील आत्ताच गेलेत, बुवा."

उत्तर आलं नाही.

"तिला किती लागेल..."

उत्तर आलं नाही.

चुलीकडून हाक आली, बुवांसाठी रोज भाकऱ्या थापायला येणाऱ्या सोनाबाईची. "बुवा, ताट वाढलंय. भाकरी निवाया लागली."

जेवणाच्या बाबतीत बुवा कुणाचा मुलाहिजा ठेवत नसत. एकदा तालुक्याचे पुढारी बोलत असताना अर्ध्या वाक्यात उठून ते पानावर जाऊन बसले होते, आणि पुढाऱ्यांनी उरलेलं अर्धं वाक्य कोंबड्यांना ऐकवलं होतं. गार भाकरी त्यांना चालत नसे. तेवढ्यावरून सोनाबाईशी त्यांचं रोज वाजे.

बुवा उठले नाहीत.

"तुम्ही जेवून घ्या," शार्दूल म्हणाला.

बुवा तसेच.

सोनाबाईने पुन्हा हाक मारली, या वेळी चिडून.

"बुवा, जा तुम्ही. भाकरी..."

"दुखतंय का अजून?"

शार्दूलने हो म्हणायचं नाही असं ठरवलं. मग म्हणाला,

"...हो."

"मग निवू दे भाकरी."